माझ्या कपाळावर ‘पाहिजे’ होतं

स्मरणिका समितीचा मेसेज आला की माजी विद्यार्थ्यांनी ५०० शब्दांत मनोगत पाठवावं. ५०० शब्दांत माझं काही भागणार नाही हे आधीच सांगून ठेवतो, संपादक बाईंनी पाहिजे तिथं कात्री लावावी. मी काय बोर्डात आलेला विद्यार्थी नव्हे, १९८७ च्या दहावीला ५२ टक्के, आता कुडाळला मेडिकलचं दुकान आहे. गणिताच्या सरांवर आणि संस्कृतच्या बाईंवर लिहिणारे पुष्कळ असतील, लिहावंच त्यांनी, मी लिहिणार पीटीच्या सरांवर. खरं म्हणजे सरांवरही नाही, ब्राझीलच्या एका माणसावर, जो कधी आपल्या शाळेत आला नाही पण तीन वर्षं त्याचा फोटो आपल्या खेळाच्या सामानाच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला होता.

सर कोल्हापूरचे. १९८४ च्या जूनमध्ये एक पत्र्याची पेटी आणि जाळीत घातलेले दोन फुटबॉल घेऊन एसटीतून उतरले तेव्हा अख्ख्या गावाने बघितलं, कारण आपल्याकडे पीटी म्हणजे कवायत, लेझीम आणि फार तर खोखो. कोल्हापूरला पेठापेठांत फुटबॉलच्या टीम, शाहू स्टेडियमवर मॅच असली की तालमींची भांडणं पार रस्त्यावर येतात, हे आम्हाला सरांकडूनच कळलं. इकडे वेंगुर्ल्यापासून खाली रेडीपर्यंत गोव्याचं वारं असल्यामुळे फुटबॉल अगदीच परका नव्हता, पण आमच्या हायस्कूलला त्याचा गंध नव्हता. ग्राउंड म्हणजे कातळ, वर तांबडी माती, पावसात शेवाळ. गोलपोस्ट म्हणजे दोन-दोन जांभ्याचे चिरे. बॉल डावीकडे गेला तर काजूत, उजवीकडे गेला तर विहिरीत.

आणि दारावरचा फोटो. उंच, काटकुळा, दाढीवाला, पिवळा शर्ट, चड्डी जरा जास्तच आखूड. इंग्लिश स्पोर्टस्टारमधलं पान होतं ते, मधे स्टेपलची दोन भोकं. खाली नाव सॉक्रेटिस. आम्ही इतिहासाच्या पुस्तकात विषाचा पेला पिणारा सॉक्रेटिस वाचलेला, आम्हाला वाटलं सर चेष्टा करतायत. सर म्हणाले, “तसं नव्हे रे लेको, ह्याचा बा ग्रीक पुस्तकं वाचायचा म्हणून ह्याचं नाव सॉक्रेटिस, ह्याच्या एका धाकट्या भावाचं सोफोक्लीस.” तेव्हापासून सरांचं नावच सॉक्रेटिस सर पडलं. दाढी त्यांनाही होती.

आमच्या टीममधल्या प्रत्येकाला तो फोटोतला माणूस पाठ होता. पुढे मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचलं आणि सरांनी सांगितलेलं बहुतेक सगळं खरं निघालं. जन्म १९५४ चा, बेलेंमचा. १९६४ साली तिकडे लष्कराने सत्ता घेतली तेव्हा हा दहा वर्षांचा, आणि बापाने आपलीच पुस्तकं घाबरून जाळली ती ह्याने डोळ्यांनी बघितली. पुढे हा डॉक्टरकी शिकला, रिबेराव प्रेतो नावाच्या गावात, आणि शिकता शिकताच तिथल्या बोताफोगो क्लबकडून खेळायचा, म्हणजे प्रॅक्टिसला दांडी मारून कॉलेजला, आमच्या बरोबर उलटं. मग साओ पावलोचा कोरिंथियान्स क्लब, मग ब्राझीलचा कॅप्टन. सहा फुटांच्या वर उंची आणि पावलं त्या मानाने बारकी, एवढं धूड गर्रकन वळणार कसं, म्हणून तो टाचेनेच मागे पास द्यायचा. टाचेचा पास आम्ही कातळावर करायला गेलो आणि अर्ध्या टीमच्या टाचा सोलल्या.

पण सर खेळाबद्दल कमी सांगायचे. त्यांना वेड होतं ते कोरिंथियान्समधल्या दुसऱ्याच गोष्टीचं. १९८२ च्या सुमारास ह्या सॉक्रेटिसने, व्लादिमीर नावाच्या बॅकने आणि कासाग्रांदे नावाच्या पोरगेल्या फॉरवर्डने मिळून क्लबमध्ये मतदान सुरू केलं. मोठी मोठी मतं नव्हेत हो. जेवायचं कधी, प्रॅक्टिस कधी, प्रवासात बस कुठं थांबवायची, मॅचच्या आदल्या रात्री लग्न झालेल्या खेळाडूंनाही हॉटेलात कोंडून ठेवायची पद्धत होती ती ठेवायची की मोडायची. आणि मत सगळ्यांना, ब्राझीलच्या कॅप्टनला एक आणि कपडे-बूट सांभाळणाऱ्यालाही एकच. देशात मिलिटरीचं राज्य, लोकांना राष्ट्राध्यक्ष निवडायचा अधिकार नाही, आणि ह्यांची बस कुठं थांबायची ते हात वर करून ठरतंय. नोव्हेंबर १९८२ मध्ये निवडणुका होत्या तर ह्यांनी शर्टाच्या पाठीवर ‘१५ तारखेला मतदान करा’ असं छापून मॅच खेळल्या. त्यावर कोणी म्हणेल की खेळाडूंनी खेळावं, नको ते धंदे कशाला, तर १९८२ आणि १९८३ अशी लागोपाठ दोन वर्षं साओ पावलो राज्याची चॅम्पियनशिप त्यांनीच मारली.

इथं माझं एक मत. रिटायर झाल्यावर समाजकार्य करणारे खेळाडू खूप असतात, त्यात वाईट काहीच नाही, ह्याचाच धाकटा भाऊ राई, तो पण ब्राझीलचा कॅप्टन झाला आणि १९९८ पासून लिओनार्दो नावाच्या ब्राझीलच्याच खेळाडूबरोबर गरीब पोरांच्या शिक्षणासाठी संस्था चालवतोय. पण सॉक्रेटिसने हे सगळं खेळत असताना केलं, पगार चालू असताना, मिलिटरी डोक्यावर असताना. मला त्यातलं तेवढं जास्त वाटतं.

तर सरांनी हे आमच्यावर लागू केलं. १९८५ चा पावसाळा. खेळाच्या खोलीत सगळे ओले चिंब बसलोय, सर म्हणाले आजपासून टीमचं सगळं मतावर. चौदा खेळाडू, एक सर, एक शिपाईमामा, आणि नववीतली एक मुलगी जी पाण्याची कळशी आणायची आणि वहीत स्कोअर लिहायची. सतरा मतं. मामा दारातच उभे होते, त्यांना वाटलं सर मस्करी करतायत, म्हणाले, “माका कित्याक इचारतास? मी शिपाय.” सर म्हणाले, बॉलमध्ये हवा कोण भरतं? फाटल्यावर शिवून कोण आणतं? विहिरीत गेला तर गळ टाकून काढतं कोण? मग मत कुणाला?

शिपाईमामा आणि बॉल ह्यावर एक परिच्छेद पाहिजेच. चामड्याचा बॉल, आत ब्लॅडर, वर वादी. पावसात भिजला की जड होऊन असा काही बसायचा कपाळावर की संध्याकाळपर्यंत वादीचा वळ दिसायचा. मामा रात्री तो घरी न्यायचे, चुलीजवळ पण चुलीपासून हातभर लांब ठेवायचे, सकाळी खोबरेल चोळायचे आणि घंटा द्यायच्या आधी सायकलच्या पंपाने हवा भरून दोन बोटांनी दाबून बघायचे, आई फणस पिकलाय का ते दाबून बघते तसं. तीन वर्षं तोच बॉल टिकला. दुसरा पहिल्याच महिन्यात विहिरीत गेला तो कायमचा.

मतदानाचा पहिला निकाल भयानक लागला. सप्टेंबरात तालुक्याची स्पर्धा, तालुक्यात फुटबॉलच्या टीमच चार, म्हणजे एक मॅच जिंकली की फायनल. आदल्या दिवशी मत घेतलं, दुपारी काय खायचं. सर म्हणाले पेज आणि केळी. आम्ही म्हटलं बांगड्याचं तिखलं आणि भात, नारळी पौर्णिमेनंतर बांगडा आलेला, स्वस्त होता. १५ विरुद्ध २, सर हरले, त्यांच्या बाजूने फक्त ती पाणीवाली. चापून जेवलो, दोन वाजता मॅच, पहिल्या पंधरा मिनिटांत आमचा सेंटर हाफ कुंपणापाशी जाऊन ओकला आणि आम्ही ५-० ने हरलो. परत येताना एसटीत सर काय बोलतात ह्याची सगळे वाट बघत होतो. सर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, “मत तुमचं, ओकारी पण तुमचीच.” बस एवढंच. पुढच्या वर्षी पेज बिनविरोध पास झाली.

आता १९८६. वर्ल्डकप मेक्सिकोत. दूरदर्शन पणजीवरून दिसायचं, अँटेना दक्षिणेला फिरवून वर माणूस उभा करायचा. गावात तीन टीव्ही, त्यातला एक बाजारातल्या व्यापाऱ्यांकडे, त्यांनी पडवी उघडी ठेवली. २१ जून, शनिवार, रात्री साडेअकराला ब्राझील-फ्रान्स. बाहेर धो धो. सॉक्रेटिस डोक्याला पांढरी पट्टी बांधून खेळत होता. सर म्हणाले आदल्या वर्षी मेक्सिकोत मोठा भूकंप झाला होता, पहिल्या मॅचला ह्याने पट्टीवर लिहिलं होतं की मेक्सिको अजून उभा आहे. पुढच्या मॅचना वेगळं काय काय लिहिलं, सगळ्या जगाचा कॅमेरा आपल्या कपाळावर आहे तर तो फुकट का घालवा. ब्राझीलच्या कारेकाचा गोल, फ्रान्सच्या प्लातिनीचा गोल, १-१. मग ब्राझीलच्या झिकोने पेनल्टी घालवली आणि त्यानंतर पाचच मिनिटांत लाईट गेली. जून महिन्यात गेलेली लाईट लगेच येत नसते. तरी आम्ही वीसएक जण त्या पडवीत काळोखात बसून राहिलो, समोर काळा टीव्ही, कोणीतरी अंदाजाने कॉमेंट्री करतंय, आणि कौलांवर पाऊस असा की तीही ऐकू येईना. सर म्हणाले जिंकले असणार. दोन वाजता बॅटऱ्या घेऊन सगळे घरी.

सकाळी मामांनी रेडिओवर बातम्या ऐकल्या आणि इरलं घेऊन सरांच्या खोलीवर गेले, माझं घर शेजारीच म्हणून मी बघितलं. दारात उभे राहून म्हणाले, “सर, ब्राझील हरलो.” जसं काय घरातलं कोणी गेल्याचं सांगतायत. पेनल्टी शूटआऊट झालं होतं आणि पहिली पेनल्टी सॉक्रेटिसनेच घालवली हे सोमवारी दुपारच्या एसटीने पेपर आला तेव्हा कळलं. धाव न घेता, जवळपास उभ्या उभ्याच मारायचा तो पेनल्टी, तशीच मारली आणि फ्रान्सच्या गोलकीपरने अडवली. त्या दिवशी पीटीचा तास सरांनी ऑफ दिला.

तरी पट्ट्या आम्ही केल्याच. आईच्या जुन्या लुगड्याच्या कडा सोडून फाडलेल्या पट्ट्या, वर मार्किंगची शाई. काय लिहायचं ह्यावर मत घेतलं. दोन नंबरला ‘जय महाराष्ट्र’ आलं, निवडून आलं ‘कोकण रेल्वे झालीच पाहिजे’. तेव्हा रेल्वे नव्हतीच, मुंबईला जायचं म्हणजे एसटीत रात्रभर ओकत जायचं, आमच्या वेंगुर्ल्याच्या बॅरिस्टर नाथ पैंपासून मधू दंडवत्यांपर्यंत दिल्लीत सगळे मागत होते आणि गावात कोणाचा विश्वास नव्हता. पण चार शब्द एका कपाळावर मावेनात. मग चार फॉरवर्डच्या कपाळावर एकेक शब्द. माझ्या वाट्याला ‘पाहिजे’. किक-ऑफला लायनीत उभे होतो तोवर वाक्य बरोबर होतं, शिट्टी वाजली आणि ‘झालीच’ डावीकडे, ‘पाहिजे’ उजवीकडे, मध्येच ‘रेल्वे’चा पाय मुरगळला म्हणून तो बाहेर. उरलं ‘कोकण झालीच पाहिजे’. रेफ्रीने हाफटाईमला पट्ट्या काढायला लावल्या, नियमात बसत नाही म्हणून. मॅच २-१ ने आम्ही जिंकलो, एक गोल माझा, डोक्याने, तो पण पट्टी काढल्यावर. रेल्वे १९९८ मध्ये आली, त्यात आमचा वाटा किती ते देव जाणे.

आता जे लिहायला मी एवढा वेळ लावला ते.

१९८६ च्याच ऑगस्टात त्या पाणीवाल्या मुलीने मीटिंगमध्ये विषय मांडला. मतदार होती ना ती, विषय मांडायचा हक्क होता. म्हणाली आठवड्यातून दोन दिवस ग्राउंड मुलींना द्या, आमका पण खेळाचा हा. सगळे हसले. सर हसले नाहीत, म्हणाले मत घ्या. मी हात वर केला नाही. कारण अगदी साधं होतं, दोन दिवस त्यांना दिले तर आपले दोन दिवस गेले, आणि माझी बहीणच आठवीत होती, ती ग्राउंडवर आली तर मला शिव्या देता येणार नाहीत. चौदातल्या सहाच पोरांनी हात वर केला, सर आणि ती धरून आठ. आठ-आठ. मामा राहिले. मामा बॉल पुसत होते, वर न बघता म्हणाले, “खेळांदेत चेडवांका, बॉल झिजूचो नाय.” नऊ-आठ.

दुसऱ्या दिवशी मी तोंड पाडून कट्ट्यावर बसलेलो. मामांनी बॉल आणि पंप माझ्या पुढ्यात ठेवला, “मार पंप.” आतापर्यंत त्यांनी कोणाला पंपाला हात लावू दिला नव्हता. हवा भरली, त्यांनी दोन बोटांनी दाबून बघितलं, मान हलवली. बुधवार-शनिवार मुली खेळायला लागल्या, स्कर्टच्या खाली भावांच्या हाफ पँटी घालून. माझी बहीण बॅक होती आणि तिची लाथ मला अजून आठवते, नडगीवर.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ते बंद झालं. गावातून काही पालक वर भेटून आले म्हणे, नोटीस बोर्डावर दोन ओळींचा कागद लागला, खाली सही. कोणाचं नाव घेत नाही, ती माणसं आता नाहीत. सर ऑफिसात जाऊन आले, किती वेळ आत होते, बाहेर आले तेव्हा कान लाल. आम्हाला म्हणाले, एप्रिल १९८४ मध्ये सॉक्रेटिसने साओ पावलोत लाखो लोकांसमोर सांगितलं होतं, राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा ठराव पास झाला तर मी इटलीला जाणार नाही, इथंच खेळेन. ठरावाला ३२० मतं हवी होती, २९८ पडली. तो गेला इटलीला, फिओरेंटिनाकडे. मग कोणीतरी विचारलं की सर, मग तुम्ही पण जाणार? दहावीची परीक्षा होईपर्यंत सर थांबले. मे महिन्यात संस्थेच्या घाटावरच्या शाळेत बदली घेतली. एसटी स्टँडवर आम्ही सोडायला गेलो तेव्हा म्हणाले, “त्याचं २२ मतांनी गेलं रे, माझं एका सहीनं गेलं.” फोटो दारावरच राहिला, नंतर कधीतरी खोलीला रंग काढला तेव्हा गेला.

सॉक्रेटिस देव नव्हता. सिगारेटी ओढायचा, दारू पुष्कळ, डॉक्टर असून. खेळ सोडल्यावर डॉक्टरकी केली, पेपरात लिहायचा, भांडायचा, पन्नाशीत इंग्लंडातल्या गार्फर्थ टाऊन नावाच्या बारक्या क्लबकडून दहा-बारा मिनिटं खेळून पण आला, मौज म्हणून. ४ डिसेंबर २०११ ला गेला, ५७ व्या वर्षी. रविवार होता आणि त्याच दिवशी कोरिंथियान्स ब्राझीलचा चॅम्पियन झाला, मॅचच्या आधी खेळाडू मैदानाच्या मधल्या वर्तुळात मूठ वर करून उभे, तो गोल केल्यावर करायचा तशी. मी दुकानाच्या टीव्हीवर सोमवारी बघितलं, गिऱ्हाईक क्रोसिन मागत उभं, आणि सरांना फोन लावला. सर म्हणाले कळलं, आणि मग बराच वेळ दोघंही काहीच बोललो नाही, शेवटी म्हणाले, “तुझं लिव्हर बरं आहे नव्हं?”

ती पाणीवाली मला तीन वर्षांपूर्वी सावंतवाडीला एका लग्नात भेटली. लालबागला असते, दोन नातवंडं. मी ओळख सांगायला गेलो तर म्हणाली, “तू हात वर करूक नाय होतंस. माका बरा आठवता.” चाळीस वर्षं होत आली, मी गोल मारला ते तिला आठवत नव्हतं. बरोबरच आहे, गुप्त मतदान थोडंच होतं.

हे सगळं लिहायचं कारण असं की आपल्या अमृत महोत्सवाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सत्काराची यादी आली, त्यात माजी शिक्षक आहेत, देणगीदार आहेत, सरपंच आहेत, शिपाईमामांचं नाव नाही. मी ग्रुपवर लिहिलं की मत घ्या. दोन दिवस कोणी काही बोललं नाही, नुसती निळी टिकं. मग एकाने अंगठा टाकला, मग दुसऱ्याने, शेवटी अकरा अंगठे झाले आणि एकाने स्पष्ट लिहिलं की प्रथा नाही, उगाच पायंडा पडेल. अकरा विरुद्ध एक, नाव यादीत गेलं.

मामांना फोन केला. आता सत्तरीच्या पुढे आहेत, कानाला कमी, मला दोनदा ओरडून सांगावं लागलं की स्टेजवर खुर्ची आहे, शाल आहे, श्रीफळ आहे. आधी म्हणाले, “माझो सत्कार कित्याक? तो चामड्याचो बॉल खंय आसा ता सांगा आदी.” मग विचारलं किती मतं पडली. मी सांगितलं अकरा. म्हणाले, “आणि नाय कोण म्हणालो?”

मी नाव सांगितलं. मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, “ताका माझ्या वांगडा जेवणाक बसव.”